बावीचं गाऱ्हाणं

१८ नोव्हेंबर

आज सरांनी प्रकल्पाचा विषय मंजूर केला. ‘किनारी वाडीतील पिण्याचे पाणी व जलजन्य आजार.’ वाडी आमचीच. दिवाळीनंतर इथे दोघांना कावीळ झाली. दोघांनीही कुठलासा पाला वाटून पिऊन ती ‘उतरवली’ आणि सरकारदरबारी तिची नोंदच झाली नाही. कॉलेजात आम्ही आलेख काढतो, त्यात आमच्या वाडीचा ठिपका नाही. मला तो ठिपका काढायचा आहे.

घरी सांगितलं. बाबा, वाडीचे बाबली, जाळं विणत होते. म्हणाले, “तीन वर्सां झाली, पण माका अजून कळाक नाय, तू नक्की कोण होतलंस? डॉक्टर नाय, नर्स नाय. सार्वजनिक आरोग्य. सार्वजनिक म्हटल्यावर एक तर गणपती, नायतर संडास.”

निकेतदादा हसून हसून खोकायला लागला. हसू दे. या घरात पदवी घेणारी मी पहिली आहे आणि ती पदवी कशाची हे या वाडीला मी दाखवून देणार आहे.

२७ नोव्हेंबर

बाटली काळी झाली.

वाडीच्या बावीचं, म्हणजे विहिरीचं, पाणी परवा तपासणीच्या बाटलीत भरून माळ्यावर ठेवलं होतं. पाण्यात मैला मिसळलेला असेल तर ते काळं होतं. सकाळी काढली तर आत शाई ओतल्यासारखं. देवदिवाळी होऊन आठवडाही झाला नाही. त्या दिवशी सगळ्या वाडीने याच पाण्यात नैवेद्य रांधला.

नळाचं पाणी आमच्याकडे मचूळ येतं, त्यात डाळ शिजत नाही. म्हणून पिण्याला आणि जेवणाला सगळे बावीवर जातात. आणि बावीच्या अगदी शेजारी दत्ताकाकांनी गेल्या वर्षी पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या. प्रत्येक खोलीला संडास, आणि सगळ्यांची टाकी कुठे, तर बावीच्या बाजूला!

आईला सांगितलं, आजपासून पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही. आई म्हणाली, “मगे तुळसाक सांगतंय हां. तिची सून किशोरी सात म्हयन्यांची पोटुशी आसा.”

मी म्हटलं, “नको आई, अजून पक्कं नाही. प्रयोगशाळेत पाठवायचंय.”

सरांना फोन केला होता. त्यांनी बजावलं, अहवाल येईपर्यंत कोणालाही निष्कर्ष सांगायचे नाहीत. एक तर घबराट पसरते. आणि लोकांना आधीच कळलं तर ते सर्वेक्षणात खरी उत्तरं देत नाहीत. ते बरोबरच आहे. शास्त्र म्हणजे शिस्त. उगाच बोंब मारणाऱ्यातली मी नाही.

३ डिसेंबर

सर्वेक्षण सुरू. लोकांना प्रश्न विचारणं किती कठीण! ‘गेल्या तीन महिन्यांत घरात कोणाला ताप, उलटी, कावीळ?’ म्हटलं की सगळ्यांचं एकच, “नाय गो बाय, देवाच्या दयेन सगळा बरा आसा.” आणि आतल्या खोलीत कोणीतरी कण्हत असतं.

तुळसाकाकूंच्या पडवीत मात्र बरं वाटलं. त्या मासे घेऊन बाजारात गेल्या होत्या. घरात किशोरी एकटीच. शाळेत ती माझ्या दोन वर्षं पुढे होती. नवरा सुशांत ट्रॉलरवर, महिना महिना येत नाही.

“विचार काय विचारूचा ता,” ती पोटावर हात ठेवून बसत म्हणाली. “पण लवकर विचार. ह्यो आतलो लाथा मारता. तेकाव तुझो कंटाळो इलो असतलो.”

मी विचारलं, “पिण्याचं पाणी उकळता का?”

“बावीचा पाणी कोण उकळता गो? इतक्या गोडा पाणी! उकळलास की तेका मेल्याची चव येता.”

मी ‘नाही’वर खूण केली. जाताना तिने गूळ आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. मी म्हटलं, आताच चहा घेतलाय. ती म्हणाली, “कॉलेजात गेलंस म्हणान आमचा पाणी नको काय?” दोघी हसलो. खोटं बोलायला जीवावर आलं, पण दुसरं काय करणार? तिलाच आधी सांगितलं असतं तर तिचं उत्तर बिघडलं असतं.

७ डिसेंबर

आज टेप घेऊन बाव ते टाकी अंतर मोजलं. नऊ मीटर. पुस्तकात पंधरा सांगितलंय, आणि तेही चांगल्या मातीत. इथे नुसती वाळू.

दत्ताकाका खुर्चीत बसून बघत होते. “मापतंस काय गो? जमीन घेवची आसा काय तुका?”

मी सरळ सांगितलं, टाकी फार जवळ आहे.

“अगो, वाळू आसा. वाळयेत पाणी गाळान शुद्ध होता. शाळेत शिकवूक नाय तुका?” मग आवाज मऊ करून, “परीक्षा झाली की माझ्याकडे ये. मॅनेजर करतंय. इंग्लिश बोलणारा आपला माणूस माका होयाच आसा.”

शिकवलंय, काका. वाळूतून मैला गाळला जात नाही, वाहत जातो, हेही शिकवलंय. पण मॅनेजर करतो म्हणे! माझी किंमत त्यांनी एका वाक्यात ठरवली. घरी येईपर्यंत कान तापलेले होते.

१२ डिसेंबर

ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक म्हणाले, “लेखी तक्रार लागते, मॅडम. एकटीची नाही. वाडीतल्या कुटुंबप्रमुखांच्या सह्या आणा, मग बघू.”

मी विचारलं, “बावीत घाण जाते हे खरं असेल तर सह्या कशाला लागतात?”

ते म्हणाले, “प्रक्रिया आहे.”

माझ्या पुस्तकातही हाच शब्द आहे. तिथे तो चांगला वाटतो.

१६ डिसेंबर

तीन संध्याकाळी घरोघर फिरले. एकही सही नाही. एकही!

अर्ज नीट लिहिला होता. टाकी नियमापेक्षा जवळ आहे, ती हलवावी, एवढंच. बाटलीचा उल्लेख केला नाही. सरांना शब्द दिलाय. कोणी म्हणालं चष्मा नाही, कोणी म्हणालं आंगठा कापलाय. एकाने तर अर्ज वाचून “अक्षर बरा आसा हां तुझा” म्हणून परत दिला. प्रत्येकाच्या घरातलं कोणीतरी दत्ताकाकांच्या बोटीवर, नाहीतर खोल्यांवर कामाला. तेवढ्यासाठी घाण पिणार!

शेवटी गंगारामआज्यांकडे गेले. राखणदारासमोर, वाडी राखणाऱ्या देवासमोर, गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा, त्यामुळे वाडीत त्यांचा शब्द चालतो. त्यांनी अर्ज दोनदा वाचायला लावला.

“सगळा खरा आसा,” म्हणाले. “पण सही करूचंय नाय. जेट्टीच्या वक्ताक असोच एक कागद इलेलो. सह्या केलंव. म्हयन्याभरान त्याच कागदाक पाय फुटले आणि आमी ओरोसाक कोर्टात तारखो घेत बसलंव. जेना कागद लिवलेल्यान तो मुंबयक.”

“म्हणजे गप्प बसायचं?”

“गप्प बस असा खंय म्हटलंय?” एवढंच बोलून ते बिडी शोधायला लागले.

भित्रे. सगळे भित्रे आहेत. सुशांतच्या घराकडे वळलेच नाही. तो बोटीवर, सहीला प्रमुख नाही. आईची सही तर चालणारच नव्हती, कारण रेशनकार्डावर नाव बाबांचं, आणि बाबांनी दादाच्या नोकरीपायी सही केली नाही. बायका पाणी भरणार, बायका शिजवणार, आणि पाणी घाण आहे हे सांगायला पुरुषाची सही! ग्रामसेवकांना हे लिहूनच विचारणार आहे.

२६ डिसेंबर

दत्ताकाकांच्या खोल्या भरलेल्या. रात्री गाणी, सकाळी बावीवर पर्यटकांची रांग, बादल्या, फोटो. एक बाई म्हणाली, “सो स्वीट, द वॉटर.” मला हसू येईना.

दादाशी भांडण झालं. तो दत्ताकाकांच्या बोटीवर लोकांना समुद्राचा तळ दाखवायला जातो. म्हणाला, “माझी नोकरी घालवतलंस तू. आणि तुझी फी खयसून येता, ता एकदा विचार.”

“मग शिकवू नका मला!” मी ओरडले.

आई मध्ये पडली. “दोघांव गप बसा. पाणी उकळला काय ता आधी सांगा.” मग हळूच मला म्हणाली, “तुळसा विचारी होती, तुमच्याकडे हल्ली रोज टोप कित्याक चढता चुलीर. मी काय सांगू?”

मी म्हटलं, बाबांच्या पोटासाठी सांग. प्रयोगशाळेचा अहवाल अजून आला नाही. दर दोन दिवसांनी फोन करते, तर म्हणतात सुट्ट्या आहेत. जंतूंना सुट्टी असते का?

५ जानेवारी

किशोरीला कावीळ झालीय.

सकाळी तुळसाकाकू ओरडत आल्या, डोळे हळदीसारखे झालेत, चार दिवस उलट्या, आणि आता बडबडतेय. मी धावत गेले. तिने मला ओळखलं नाही. गरोदरपणात पाण्यातून होणारी कावीळ जीवघेणी ठरते, दुसऱ्या वर्षाला शिकवलंय आम्हाला. पेपरात पाच गुणांना आला होता तो प्रश्न. मी पाचही मिळवले होते.

दादाने गाडी आणली. ती दत्ताकाकांची. जिल्हा रुग्णालयातून तासाभरात सांगितलं, गोव्याला न्या. आमच्याकडे ‘गोव्याक न्हेला’ म्हटलं की बायका पदर तोंडाला लावतात. आज सगळ्या वाडीने लावला.

आणि एवढं होऊनही दुपारी बावीवर रहाट चालूच होता! माझ्या संतापाला सीमा राहिली नाही. मी तिथे उभी राहून ओरडले, “हे पाणी पिऊ नका!” दोघीतिघी थांबल्या. एक म्हणाली, “आज काय झाला गो तुका?”

८ जानेवारी

अहवाल आला. ‘पिण्यास अयोग्य.’ छान. इतक्या दिवसांनी दोन शब्द.

संध्याकाळी गंगारामआजे आमच्या अंगणात आले. रविवारी राखणदाराच्या देवळीशी, घुमटीकडे, किशोरीसाठी गाऱ्हाणं घालायचं ठरलंय. वाडीतल्या प्रत्येक घराने यायचं, दत्ताकाकांनीसुद्धा.

माझा तोल गेला. “सही मागितली तर चष्मा नाही, आणि आता नारळ फोडायला सगळे येणार? देव टाकी हलवणार आहे का?”

बाबा म्हणाले, “संचिता, तोंड सांभाळ.”

आजे रागावले नाहीत. ओट्यावर बसले. “तुया मापलंस मा? किती आसा ता?”

“नऊ मीटर.”

“देवाक मीटर खयचे कळतले? वाव सांग.” आणि दोन्ही हात पसरून त्यांनी हवेतच दोरी मोजली. “पाच वाव झाले. बरा. आणिक काय काय समाजला तुका? एकेक करून सांग. माका नीट सांगूचा आसा थंय. उगीच आपला मोघम सांगान तो आयकणा नाय.”

मी म्हटलं, मी अंधश्रद्धेत सामील होणार नाही. ते उठून चालायला लागले. फाटकाशी पोहोचले तेव्हा का कोण जाणे, मी मागून हाक मारली. बहुतेक माझं मोजमाप कोणीतरी पहिल्यांदाच मागत होतं म्हणून. सगळं सांगितलं. टाकी, वाळू, दिवाळीनंतरचे दोन आजारी, बाटली, ती कधी भरली, कशी काळी झाली. अहवाल आलाय, आता लपवायचं कारण नाही. त्यांनी प्रत्येक गोष्ट पुटपुटून पाठ केली. आई दारात उभी राहून ऐकत होती. बाटलीचं सांगताना ती आत निघून गेली.

११ जानेवारी

हे लिहिणं कठीण आहे.

घुमटीसमोर सगळी वाडी होती. पुढे पुरुष, मागे बायका. दत्ताकाका पांढऱ्या शर्टात, हात जोडून, पहिल्याच रांगेत. सुशांत ट्रॉलरवरून आला तो गोव्यातच किशोरीजवळ थांबलाय. तुळसाकाकू माझ्या शेजारी होत्या.

आज्यांनी नारळ हातात धरला. रोजचा त्यांचा आवाज खरखरीत, पण तिथे तो मोठा आणि सपाट झाला.

“बा देवा राखणदारा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे.

“आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमा झाली आसत म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आमच्या तुळसाची सून दोन जीवांची आसा. ती गोव्याक खाटीर पडली आसा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तुझ्या बावीपासून पाच वावांवर संडासाची टाकी आसा म्हाराजा!”

मग हळू, पण सगळीकडून, “व्हय म्हाराजा.” मला सही नाकारणारे सगळे. चष्मा नसलेले, आंगठा कापलेले, अक्षराची तारीफ करणारे.

“ती जाणान बांधली काय अजाणान, ता तुका ठावक आसा. पण जेना बांधल्यान, तेका बुदी दी, आणि तेच्याच हातान ती उपटून घी रे म्हाराजा!”

आता सगळे दत्ताकाकांच्या पाठीकडे बघत होते. राखणदारासमोर ‘व्हय’ म्हटलं नाही तर काय होतं, हे वाडीत कोणाला शिकवावं लागत नाही. त्यांची मान खाली गेली. ओठ हलले. ऐकू आलं नाही, पण हलले. तीन संध्याकाळी मी कागद घेऊन फिरले आणि हा म्हातारा एका नारळावर...

तेवढ्यात आजे पुढे बोलले.

“देवदिवाळीच्या आठवड्यात बाबलीच्या चेडवान, संचितान, ह्या बावीचा पाणी बाटलेत भरून बघितल्यान. ता काळा झाला म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

शेजारून आवाज आला नाही. मी वळून बघितलं. तुळसाकाकूंचं तोंड मिटलेलं होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या.

नारळ फुटला, लोक प्रसाद घ्यायला पुढे सरकले. त्या जागच्या हलल्या नाहीत.

“देवदिवाळीच्या आठवड्यात?” त्यांनी विचारलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. “मगे त्याच्या नंतर तू आमच्या पडवेत इललंस. पाणी उकळतास काय, म्हणान माझ्या सुनेक इचारलंस. तिना माका सांगल्यान, हसत होती. तेवां तुका ठावक होता?”

मला सर आठवले, शिस्त आठवली, उत्तरं बिघडतात ते आठवलं. यातलं एकही मालवणीत सांगता येईना.

“व्हय,” मी म्हटलं.

त्यांनी प्रसादाचं खोबरं कोणाच्या तरी हातात दिलं आणि घराकडे चालायला लागल्या.

१२ जानेवारी

पुस्तक काढून बसले. ही कावीळ पाणी प्यायल्यापासून पंधरा ते साठ दिवसांत कधीही दिसते. म्हणजे मी बाटली भरायच्या आधीच तिच्या पोटात विषाणू गेलेला असू शकतो. असू शकतो. तीनदा हिशेब मांडला. दरवेळी आधीचेही दिवस येतात आणि नंतरचेही. पुस्तक माझ्या बाजूने साक्ष देत नाही.

आणि मी घरी मात्र त्याच दिवशी टोप चढवला होता.

आईला विचारलं, “तू तुळसाकाकूंना का नाही सांगितलंस, मी नको म्हटलं तरी?”

आई म्हणाली, “तू शिकलेला. माका वाटला, तुका जास्त कळता.”

असं नको बोलू, आई. असं तू आयुष्यात परत बोलू नको.

१५ जानेवारी

किशोरी शुद्धीवर आली. मूल गेलं. मुलगा होता.

दत्ताकाकांनी खोल्या बंद केल्या. मशीन आणून टाकी उपसली, बुजवतायत. ग्रामसेवक फोटो काढून गेले. दादाला या महिन्यात काम नाही. तो दिवसभर बाबांबरोबर जाळं विणतो.

१९ जानेवारी

कॉलेजात गेले. सर म्हणाले, “उत्तम प्रकल्प झालाय. प्रत्यक्ष उद्रेक सापडला तुला. पदवीच्या मुलांना असं क्वचित मिळतं.”

मिळतं! जणू तलावात मासा मिळाला. मी विचारलं, “सर, ती मला पाणी देत होती तेव्हा मी तिला सांगायला हवं होतं का?”

ते म्हणाले, “भावना समजू शकतो. पण पद्धत ती पद्धत.”

मी म्हटलं, पद्धत चुकीची आहे. जो प्रश्न विचारायला आपण दारात जातो, त्याचं उत्तर आपल्या खिशात असताना समोरच्या बाईला ते पाणी पिऊ देणारी पद्धत चुकीची आहे. तुम्ही ती शिकवली, मी ती पाळली, दोघंही चुकलो. सर्व वर्ग ऐकत होता. तरी पूर्ण बोलले.

ते म्हणाले, याबद्दल नंतर बोलू. तोवर तुलनेसाठी खाडीपलीकडच्या वाडीचे नमुने घे.

२३ जानेवारी

तुळसाकाकूंच्या दारात तीनदा गेले. तिन्ही वेळा त्या आत होत्या आणि दार ओढलेलं होतं. चौथ्यांदा जाईन. क्षमा मागायला नाही. क्षमा मागून मला हलकं वाटेल, त्यांना काय? किशोरी कधी येणार ते विचारायला, आणि नळाचं पाणी उकळून आणून द्यायला.

खाडीपलीकडच्या वाडीत परवा दोन बावींचे नमुने घेतले होते. पहाटे उठून बाटल्या बघितल्या. एक स्वच्छ. एक काळी.

सरांना फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, ‘अहवाल येईपर्यंत कुठेही वाच्यता नको. घबराट.’

घबराट! मी तोंड न धुता निघाले. तरीच्या होडीतून पलीकडे उतरले तेव्हा जेमतेम उजाडलं होतं. बावीजवळच्या पहिल्याच घरात नर्मदा नावाची बाई चूल पेटवत होती. तिला मी नमुने घेताना दिसले होते.

“इतक्या सकाळी?” ती म्हणाली. “परत प्रश्न इचारूक इलंस? कॉलेजान पाठवल्यान?”

“नाय. कोणी पाठवूक नाय. मीच इलंय,” मी म्हटलं. “तुमच्या बावीचा पाणी पिव नकात. घाण आसा तेच्यात. मी बघितलंय.”

ती चुलीपुढून उठली. कमरेवर हात ठेवून तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

“आणि ता खोटा निघाला तर?”

“तर माका शिव्या घाल.”

ती हसली नाही. मागे वळून आत हाक मारली, “गो सावित्री, ती भरलेली कळशी वत भायर. आणि शेजारी जावन सांग.”

शेजारी कोण राहतं ते मला माहीत नव्हतं. मीही सावित्रीच्या मागोमाग निघाले.